बावीस वर्षांचा नवखा

२१ नोव्हेंबर २०२२ रोजी कतारमध्ये अमेरिकेचा फुटबॉल संघ वेल्सविरुद्ध विश्वचषकातला आपला पहिला सामना खेळायला उतरला, तेव्हा गोलात मॅट टर्नर उभा होता आणि त्याच्यापुढे बचावाच्या मध्यभागी वॉकर झिमरमन आणि टिम रीम होते. तिघेही कॉलेजच्या मैदानावरून आलेले. झिमरमनला २०१३च्या ड्राफ्टमध्ये सातव्या क्रमांकावर उचललं होतं, रीमला २०१०मध्ये अठराव्या. टर्नरला तर कुणीच उचललं नव्हतं. फेअरफिल्ड विद्यापीठातून बाहेर पडल्यावर चाचणी देऊन तो न्यू इंग्लंड रेव्होल्यूशनमध्ये शिरला. त्याच २६ जणांच्या संघात सोळाव्या क्रमांकाचा क्रिस्टियन रोल्डान होता, छत्तिसाव्या क्रमांकाचा एरन लाँग होता आणि एक्कावन्नाव्या क्रमांकाचा गोलरक्षक शॉन जॉन्सनही होता. पहिल्या क्रमांकावर उचललेला मात्र एकही नव्हता.

मेजर लीग सॉकरचा, म्हणजे एमएलएसचा, वार्षिक ड्राफ्ट हा कॉलेजातल्या फुटबॉलपटूंना व्यावसायिक क्लबांत आणणारा दरवाजा. जगातल्या इतर फुटबॉलला ही पद्धत अनोळखी आहे. आपल्याला आयपीएलचा लिलाव परिचयाचा. तिथे खिशात पैसा असेल तो संघ खेळाडू नेतो. ड्राफ्टमध्ये पैशाची बोली नाही, नंबर असतो. मागच्या हंगामात जो तळाला राहिला त्याची निवड आधी, विजेत्याची शेवटी, आणि लीगमध्ये नव्याने दाखल झालेला क्लब बहुधा सगळ्यांच्याही आधी. खेळाडूचा करार क्लबाशी नसून लीगशीच होतो. दुबळ्या संघाला उत्तम नवखा मिळावा आणि लीग समतोल राहावी हा हेतू. पण त्यासाठी एक गोष्ट गृहीत धरावी लागते: कॉलेजात खेळणाऱ्या मुलांपैकी उत्तम कोण हे आधी ओळखता येतं.

ते ओळखता येतं का? गेल्या पाव शतकात यावर पुष्कळ खल झाला आहे. एक मत असं की ही लॉटरी आहे. दुसरं असं की क्लब या कामावर पुरेसा खर्च करत नाहीत, स्काऊट कमी, पाहिलेले सामने कमी, म्हणून चुका होतात. मला दोन्ही मतं अपुरी वाटतात. पारखणाऱ्यांचा डोळा वाईट नव्हता. त्यांच्यासमोर कोण उभं केलं जातंय हे बदलत गेलं, आणि जे उभे होते त्यांचा खेळ ज्या नियमांत दिसत होता ते नियम फसवे होते.

सुरुवातीला चित्र वेगळं होतं. १९९६ साली लीग सुरू झाली तेव्हा अमेरिकेत क्लबांच्या अकादम्या जवळजवळ नव्हत्याच. चांगला मुलगा शाळेतून कॉलेजात जायचा आणि तिथेच तयार व्हायचा. शिवाय पारखणारेही त्याच दुनियेतले. व्हर्जिनिया विद्यापीठाला १९९१ ते १९९४ अशी सलग चार राष्ट्रीय अजिंक्यपदं मिळवून देणारा ब्रूस अरीना थेट डी. सी. युनायटेडचा प्रशिक्षक झाला आणि पहिल्या दोन्ही वर्षी लीगचा चषक जिंकला. प्रिन्स्टनचा बॉब ब्रॅडली १९९८मध्ये शिकागोला घेऊन जिंकला. यूसीएलएचा सिगी श्मिड २००२मध्ये लॉस एंजेलिसला घेऊन. ही माणसं कॉलेजच्या मैदानांवर आयुष्य काढलेली. कोणत्या विद्यापीठातला डावा बचावपटू उजव्या पायाने घाबरतो हे त्यांना फोनवरून कळत असे. आपल्याकडे एके काळी आंतरविद्यापीठ क्रिकेटच्या रोहिंटन बारिया करंडकाचे सामने मुंबईचे निवडकर्ते ज्या नजरेने पाहत, तसंच काहीसं.

तरी तेव्हाही हात फसलेच. २००० साली कॉलेज ड्राफ्ट आणि पुरवणी ड्राफ्ट एकत्र करून ‘सुपरड्राफ्ट’ सुरू झाला. त्यातला पहिलावहिला पहिला क्रमांक होता यूसीएलएचा बचावपटू स्टीव्ह शॅक. तो थोड्याच वर्षांत लीगमधून दिसेनासा झाला. त्याच्या मागे, चौथ्या क्रमांकावर, शिकागोने कार्लोस बोकानेग्राला घेतलं होतं. तो पुढे अमेरिकेचा कर्णधार झाला. २००४चा ड्राफ्ट तर या सगळ्या चर्चेचा कायमचा दाखला बनून राहिला आहे. पहिला क्रमांक: फ्रेडी अडू, वय १४, कॉलेजचा उंबरठाही न ओलांडलेला, देशभर गाजलेला. आठवा क्रमांक: क्लिंट डेम्प्सी, साउथ कॅरोलायनातल्या फर्मन या छोट्या विद्यापीठाचा. अडूच्या कारकिर्दीला क्लब बदलता बदलता उतार लागला. डेम्प्सी इंग्लंडमध्ये फुलहॅमकडून वर्षानुवर्षं खेळला आणि राष्ट्रीय संघासाठी ५७ गोल करून लँडन डोनोव्हनच्या बरोबरीला येऊन थांबला. पुढच्याच वर्षी रिअल सॉल्ट लेकने पहिल्या क्रमांकावर सोळा वर्षांच्या निक बेसान्योला उचललं आणि तोही प्रयोग बसला नाही.

अशी यादी वाढवता येते, पण ती एकांगी होईल. पहिल्या क्रमांकाने यशही दिलंय. २००७चा मॉरिस एडू पुढच्याच वर्षी स्कॉटलंडच्या रेंजर्सकडे गेला. २०१४चा आंद्रे ब्लेक हा जमैकाचा गोलरक्षक तीनदा लीगचा सर्वोत्तम गोलरक्षक ठरला. २०१५च्या काइल लॅरिनने पहिल्याच हंगामात १७ गोल करून नवख्यांचा विक्रम केला. २०१६चा जॅक हॅरिसन पुढे लीड्स युनायटेडकडून प्रीमियर लीग खेळला. मात्र जरा निरखून पाहा: ब्लेक जमैकाचा, लॅरिन कॅनडाचा, हॅरिसन इंग्रज. एडूनंतर पहिल्या क्रमांकावरून येऊन अमेरिकेच्या राष्ट्रीय संघात पक्की जागा मिळवणारा अमेरिकन मुलगा झालाच नाही. हा योगायोग नाही. त्याचं कारण पुढे येईल, आधी मैदानावर काय दिसतं ते पाहू.

कॉलेजचा फुटबॉल दिसतो फुटबॉलसारखा, पण त्याचे नियम एनसीएए या संस्थेचे, स्वतंत्र. घड्याळ उलटं चालतं, ४५ मिनिटांवरून शून्याकडे, आणि पंच ते थांबवू शकतो. खरा फरक बदली खेळाडूंचा आहे. व्यावसायिक सामन्यात पाच बदल, आणि बाहेर गेलेला परत येत नाही. कॉलेजात बदलांना व्यवहारात मर्यादाच नाही, आणि दुसऱ्या अर्ध्यात बाहेर गेलेला खेळाडू एकदा परतही येऊ शकतो. म्हणजे प्रशिक्षक दोन आघाडीपटूंना पंधरा-वीस मिनिटं जिवाच्या आकांताने पळवतो, दमले की ताजे दोन सोडतो. यातून सामना वेगवान होतो, धडकाधडकी वाढते, चेंडू शांतपणे फिरवायला कुणी थांबत नाही. आता अशा सामन्यात एखादा मधल्या फळीतला मुलगा सतत पळताना, चेंडू हिसकावताना दिसला, तर त्याच्याविषयी नेमकं काय कळलं? तो नव्वद मिनिटं दम राखून खेळू शकतो का हे कळलं नाही. ऐंशीव्या मिनिटाला, पाय जड झालेले असताना, चुकीचा पास देतो का हेही नाही. उलट जो चेंडूवर थांबतो, मान वर करून बघतो, तो या गोंधळात मंद वाटतो. रोल्डानबद्दल २०१५मध्ये हीच कुजबुज होती: उंची कमी, पाय फार चपळ नाहीत. सिएटलने त्याला सोळाव्या क्रमांकावर घेतलं आणि तो मधल्या फळीचा खांब होऊन बसला.

मोसमाचं गणित आणखी विचित्र. ऑगस्टअखेर सुरू होऊन डिसेंबरच्या मध्यात संपणारा हंगाम, त्यात वीस-बावीस सामने, बहुतेकदा आठवड्याला दोन. मग पुढचे आठ महिने स्पर्धात्मक सामने जवळपास नाहीत. युरोपातला त्याच वयाचा मुलगा दहा महिने खेळतो आणि रोज सराव करतो. कॉलेजात सरावाच्या तासांवरही बंधन आहे, कारण मुलगा कागदोपत्री विद्यार्थी आहे. म्हणूनच शहाणे स्काऊट उन्हाळ्यात यूएसएल लीग टूचे सामने बघायला जातात. तिथे कॉलेजची मुलं सुट्टीत वेगवेगळ्या गावांच्या संघांतून खेळतात, अनोळखी सहकाऱ्यांबरोबर. ज्या मुलाचा खेळ त्याच्या विद्यापीठाच्या साच्यातच उठून दिसतो आणि ज्याचा कुठेही उठून दिसतो, त्यांतला फरक तिथे उघड होतो.

साच्याचा मुद्दा किरकोळ नाही. २०१०मध्ये अ‍ॅक्रन विद्यापीठाने केलेब पोर्टरच्या हाताखाली राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकलं, तेही छोटे पास देत, चेंडू ताब्यात ठेवत. कॉलेजात विरळा दिसणारा खेळ. क्लब इतके भारावले की २०११च्या ड्राफ्टमधल्या पहिल्या आठांपैकी पाच निवडी एकट्या अ‍ॅक्रनच्या झाल्या. त्यांतला डार्लिंग्टन नॅगबी अव्वल निघाला. तीन वेगवेगळ्या क्लबांकडून त्याने चार वेळा लीगचा चषक जिंकला. पेरी किचन आणि झॅरेक व्हॅलेंटिन यांनीही लीगमध्ये दीर्घ काळ काढला. उरलेले दोघे त्या क्रमांकाला साजेसं काही करू शकले नाहीत. संघ चांगला होता हे सगळ्यांना दिसलं. संघामुळे कोण चांगला दिसतोय आणि कोणामुळे संघ चांगला दिसतोय, हे वेगळं काढणं अवघड गेलं. आणि गंमत म्हणजे या पाचही जणांच्या वर, पहिल्या क्रमांकावर, व्हँकुव्हरने घेतलेला ओमार साल्गाडो कॉलेजात खेळलाच नव्हता.

आकडे इथे मदत करतील असं वाटतं, पण कॉलेजचे आकडे हातात घेताना जपून घ्यावे लागतात. एका गोलाला तिथे दोन-दोन असिस्ट देता येतात. म्हणजे ‘बारा असिस्ट’ हा आकडा व्यावसायिक लीगमधल्या बारांच्या तोलाचा नसतो. विद्यापीठांच्या लढती त्यांच्या गटानुसार ठरतात, आणि गटागटांत प्रचंड अंतर आहे. अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये व्हर्जिनिया, वेक फॉरेस्ट, क्लेमसन, नॉर्थ कॅरोलायना यांच्यासमोर केलेले सात गोल हे एखाद्या दुबळ्या गटातल्या वीस गोलांना भारी पडतात. हर्मन ट्रॉफी, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेजपटूचा मान, १९६७पासून दिला जातो. तिच्या मानकऱ्यांत नॅगबी आहे, जॉर्डन मॉरिस आहे, पण व्यावसायिक मैदानावर फारसं नाव न झालेलेही बरेच आहेत. ते मानकरी खोटे नव्हते. ती ट्रॉफी कॉलेजचा उत्तम खेळाडू सांगते, उद्याचा व्यावसायिक नव्हे.

अलीकडे व्हिडिओमुळे बरंच सोपं झालं. वायस्काउटसारख्या सेवांवर कॉलेजचे सामने पाहता येतात, पाठीवरच्या जीपीएस बनियनमधून धावण्याची माहिती मिळते. याआधी जानेवारीत फ्लोरिडात ‘कम्बाइन’ भरायचा: काही दिवस, निवडक मुलं, तीस मीटर धाव, उभी उडी, आणि एकमेकांना न ओळखणाऱ्यांचे जुळवून आणलेले सामने. अमेरिकन फुटबॉलमधून उचललेली ही प्रथा सॉकरला कधीच मानवली नाही असं माझं मत आहे. त्या खेळात तीस-चाळीस मीटरची धाव हे कामाचं प्रमाण आहे, कारण प्रत्येक डाव काही सेकंदांचा असतो. सॉकरमध्ये दोन यार्ड आधी निघणारा मुलगा दोन यार्ड वेगवान मुलाला हरवतो, आणि ‘आधी निघणं’ मोजणारं घड्याळ त्या मैदानावर नव्हतं. कम्बाइन पुढे बंद पडला. फारसं कुणी हळहळलं नाही.

या सगळ्याहून मोठी अडचण वयाची. चार वर्षं पूर्ण केलेला कॉलेजपटू बाविशीचा असतो, परदेशातून उशिरा दाखल झालेला तेवीस-चोविशीचाही. जगाच्या फुटबॉलमध्ये या वयाला कुणी नवखा म्हणत नाही. जर्मनीत किंवा ब्राझीलमध्ये बावीस वर्षांच्या खेळाडूचे शंभर व्यावसायिक सामने झालेले असू शकतात. त्यामुळे कॉलेजच्या शेवटच्या वर्षात पंधरा गोल करणाऱ्या मुलाकडे पाहताना मनात एक प्रश्न ठेवावाच लागतो: हा अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांसमोर बाविशीचं शरीर घेऊन खेळतोय, म्हणून तर नव्हे? उलट पहिल्या-दुसऱ्या वर्षाला असताना कसलेल्या बचावपटूंना सात गोल मारणारा कमी दिसला तरी जास्त असतो. क्लबांना हे उमगलं तेव्हा ते कमी वयाच्या मुलांकडे वळले. ‘जनरेशन अडिडास’ नावाच्या योजनेतून लीग काही मुलांना शिक्षण पुरं होण्याआधी करार देते, पुढच्या शिक्षणाच्या खर्चाची तरतूद करते आणि त्यांचा पगार क्लबाच्या पगारमर्यादेत धरत नाही. अशा मुलाला उचलणं क्लबाला जवळपास फुकट पडतं. वरच्या निवडी बहुतेक याच यादीतून होत आल्या. कधी मुलगा खरंच सरस म्हणून, आणि कधी, स्पष्टच बोलायचं तर, तो हिशेबात बसतो म्हणून.

लीगने २०२०पासून ‘वर्षातला सर्वोत्तम नवखा’ हा पुरस्कार बदलून ‘वर्षातला सर्वोत्तम तरुण खेळाडू’ केला आणि त्याला वयाची अट २२ची घातली. कॉलेज संपवून येणारा मुलगा पहिल्याच हंगामात त्या अटीच्या काठावर उभा असतो. लीगची नजर कुठे वळली हे सांगायला निराळ्या निवेदनाची गरज उरली नाही.

काही जागांवर मात्र कॉलेजचा माल सातत्याने टिकला: मधला बचाव, गोल, आणि कडेचा बचाव. चॅड मार्शल, ओमार गोन्झालेझ, मॅट हेजेस, आयक ओपारा, झिमरमन, रीम; यादी लांबते. ही मंडळी सहसा उशिरा पिकतात, शरीराची ताकद आणि हवेतला खेळ तिथे चालतो, आणि ते कॉलेजात भरपूर मिळतं. पण मला यामागचं मुख्य कारण मैदानाबाहेरचं दिसतं. २००७मध्ये डेव्हिड बेकहॅमसाठी लीगने पगारमर्यादेबाहेरचे खेळाडू घ्यायची मुभा दिली, आणि क्लबांनी तो पैसा ओतला आघाडीवर आणि दहा नंबरच्या जागेवर. मग ड्राफ्टमधून आलेल्या आघाडीपटूला मिनिटं मिळणार कुठून? तो बाकावर बसतो, वर्षभराने त्याचं नाव अपयशी यादीत जातं, आणि पुढच्या वर्षी कुणीतरी म्हणतं की कॉलेजचे आघाडीपटू चालत नाहीत. चालवून पाहिलं असतं तर कळलं असतं.

चतुर क्लबांनी यावर एक तोड काढली: मुलाला तो आज खेळतो त्या जागेसाठी पाहायचंच नाही. रोड आयलंड विद्यापीठाचा जेफ कॅमेरन ह्यूस्टनने २००८मध्ये बेचाळिसाव्या क्रमांकावर घेतला. तो मधल्या फळीतून मागे सरकत बचावात स्थिरावला आणि इंग्लंडमध्ये स्टोक सिटीकडून खेळला. मेरीलँडचा ग्रॅहम झुसी २००९मध्ये तेविसावा. कॅन्सस सिटीत आधी मधल्या फळीत चमकला, उतारवयात उजव्या बचावात गेला. अ‍ॅलिस्टर जॉन्स्टन वेक फॉरेस्टच्या मधल्या फळीत खेळायचा. नॅशव्हिलने त्याला २०२०मध्ये अकराव्या क्रमांकावर घेऊन बचावात उभं केलं आणि तो पुढे सेल्टिकचा झाला. मुलाला कुठली गोष्ट येते यापेक्षा कुठल्या परिस्थितीत तो ती करू शकेल, हे बघणारा डोळा इथे जिंकला.

आणि तरीही क्रिस वॉन्डोलोव्स्कीसारखं प्रकरण उरतंच. कॅलिफोर्नियातलं चिको स्टेट, तेही दुसऱ्या श्रेणीचं महाविद्यालय. २००५मध्ये पुन्हा वेगळ्या भरलेल्या पुरवणी ड्राफ्टमध्ये एकेचाळिसावा क्रमांक. लीगमध्ये पाच वर्षं जेमतेम संधी. २०१०मध्ये, सत्ताविशीत, अचानक सर्वाधिक गोल करणारा. निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर १७१ गोल होते, लीगच्या इतिहासात सर्वाधिक. त्याला ड्राफ्टच्या दिवशी ओळखलं नाही म्हणून स्काऊटला दोष देणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की रोज सरावाला बघणाऱ्या प्रशिक्षकांनाही तो पाच वर्षं ओळखता आला नव्हता.

आता मागे सोडलेल्या कारणाकडे. २००७मध्ये अमेरिकन फुटबॉल महासंघाने अकादम्यांची राष्ट्रीय साखळी उभी केली आणि २००८पासून क्लबांना आपल्या अकादमीत वाढलेल्या मुलाला ड्राफ्टशिवाय थेट करार देता येऊ लागला. पेटीतल्या आंब्यांचा वरचा थर घरातच काढून ठेवायचा आणि मग पेटी बाजारात मांडायची, तसं झालं. डिआंड्रे येडलिन अ‍ॅक्रनला खेळला, जॉर्डन मॉरिस स्टॅनफर्डला, पण दोघांनाही सिएटलने ‘होमग्रोन’ म्हणून घेतलं. ड्राफ्टमध्ये त्यांचं नाव पुकारलं गेलं नाही. पुढच्या पिढीने तर कॉलेजच वगळलं. क्रिस्टियन पुलिसिक सोळाव्या वर्षी डॉर्टमुंडला गेला. व्हर्जिनिया विद्यापीठाला होकार दिलेला वेस्टन मॅकेनी शाल्केकडे वळला. दर वर्षी ड्राफ्टच्या टेबलावर येणारा गट आतून पोकळ होत गेला, टेबल आणि त्याभोवतीचा गाजावाजा तसाच राहिला. नंतर नंतर शेवटच्या फेऱ्यांत क्लब ‘कुणी नको’ म्हणून नंबर सोडून देऊ लागले.

कॅनडाचा २०२२चा विश्वचषक संघ या तर्काला पुष्टी देतो. लॅरिन पहिला, टेजन ब्यूकॅनन २०१९चा नववा, डेन सेंट क्लेअर त्याच वर्षीचा सातवा, रिची लारिया २०१६चा सातवा, शिवाय जॉन्स्टन. कॅनडात व्यावसायिक क्लब मोजके, अकादम्या थोड्या. तिथला चांगला मुलगा अजूनही अमेरिकन विद्यापीठात येत होता आणि ड्राफ्टमधून जात होता. तेच स्काऊट, तीच मैदानं, पण गटात माल होता म्हणून निवडी फळल्या. परदेशी मुलांच्या बाबतीत एक निराळा अडथळा असतो: प्रत्येक क्लबाला परदेशी खेळाडूंसाठी ठरावीक जागा, आणि कायम वास्तव्याचा परवाना नसलेला विद्यार्थी त्यातली एक अडवतो. सारख्या दोन मुलांत अमेरिकन पुढे उचलला जातो तो यामुळे. जर्मनीहून प्रॉव्हिडन्स कॉलेजात आलेला ज्युलियन ग्रेसल २०१७मध्ये आठवा आला. अटलांटाने ती जागा खर्च केली, आणि तो वर्षातला सर्वोत्तम नवखा ठरला.

सगळ्यात बोलका पुरावा मात्र स्त्रियांच्या फुटबॉलचा आहे, आणि पुरुषांच्या ड्राफ्टची चर्चा करणारे तो सहसा बाजूला ठेवतात. १९७२च्या ‘टायटल नाइन’ कायद्याने विद्यापीठांना मुलींनाही खेळांत बरोबरीची संधी देणं भाग पडलं. शिष्यवृत्तीच्या जुन्या मर्यादेत पहिल्या श्रेणीच्या पुरुष संघाला ९.९ शिष्यवृत्त्या होत्या, स्त्रियांच्या संघाला १४. जगात इतरत्र मुलींना मैदान मिळत नव्हतं त्या काळात नॉर्थ कॅरोलायनात अँसन डोरन्स एकामागून एक अजिंक्यपदं जिंकत होता. त्याच्या नावावर एनसीएएची २१ आहेत. अमेरिकन मुलीसाठी कॉलेज हाच वाढीचा सर्वोच्च टप्पा होता. एनडब्ल्यूएसएल ही व्यावसायिक लीग २०१३ साली सुरू झाली, तेव्हा तिच्या ड्राफ्टमध्ये देशातला सगळा वरचा थर येऊन बसला.

परिणाम पाहा. २०१४ ते २०२४ अशा सलग अकरा ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर उचललेली प्रत्येक खेळाडू अमेरिकेच्या वरिष्ठ राष्ट्रीय संघात खेळली. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या १८ जणींच्या संघात क्रिस्टल डन, एमिली सॉनेट, रोझ लव्हेल, टिअर्ना डेव्हिडसन, सोफिया स्मिथ, एमिली फॉक्स आणि नेओमी गिर्मा होत्या. सात जणी, सातही आपापल्या वर्षीच्या पहिल्या क्रमांकाच्या. कतारमधल्या पुरुष संघात अशांची संख्या शून्य होती. दोन्हीकडे कॉलेजचा हंगाम तेवढाच छोटा, बदलांचे नियम तेवढेच सैल. पारखण्याची पद्धत जवळपास एकच, आणि निकालांत जमीन-अस्मानाचं अंतर. गिर्माचंच पाहा: स्टॅनफर्डला असताना गुडघ्याच्या दुखापतीने एक हंगाम गेला, तरी २०२२मध्ये सॅन डिएगोने तिच्यावर पहिला नंबर लावायला मागेपुढे पाहिलं नाही, आणि २०२५मध्ये चेल्सीने तिच्यासाठी दहा लाख डॉलरहून अधिक मोजले. स्त्रियांच्या फुटबॉलमध्ये एवढी रक्कम त्याआधी कुणासाठी मोजली गेली नव्हती.

पण तिथेही पेटी रिकामी व्हायला लागली होती. २०२१मध्ये दुसऱ्या क्रमांकावर आलेल्या ट्रिनिटी रॉडमनने वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात नाव घातलं होतं, कोविडने हंगाम पुढे ढकलला आणि ती कॉलेजचा एकही सामना न खेळता व्यावसायिक झाली. २०२३ची पहिली निवड अलिसा थॉम्पसन थेट शाळेतून आली. युरोपातले क्लब मुलींना हवं ते शहर आणि हवा तो करार देऊ लागले, तेव्हा ‘तू अमुक गावी जा’ असं सांगणारी पद्धत टिकणं कठीण होतं. ऑगस्ट २०२४मध्ये खेळाडूंच्या संघटनेशी झालेल्या करारात एनडब्ल्यूएसएलने ड्राफ्ट रद्द केला. अमेरिकेतल्या मोठ्या लीगपैकी हे करणारी ती पहिली. ज्या लीगचा ड्राफ्ट सर्वांत अचूक होता तिनेच तो आधी मोडीत काढला, हे मला या विषयातलं सर्वांत विचार करायला लावणारं वळण वाटतं. खेळाडूची किंमत इतकी निःसंदिग्ध ठाऊक असेल, तर तिने ती स्वतःच का वसूल करू नये? पुरुषांचा ड्राफ्ट टिकलाय, कारण त्यात गमावण्यासारखं कमी उरलंय.

न्यू जर्सी किंवा बे एरियातल्या ज्या मराठी घरांत शनिवार-रविवार मुलांच्या सामन्यांमागे गाडी पळवण्यात जातात, तिथे कॉलेजचा फुटबॉल आणि व्यावसायिक फुटबॉल यांतला फरक व्यवहारात माहीत असतो. मुलाचा फुटबॉल त्यांच्या दृष्टीने बहुतेकदा चांगल्या विद्यापीठाच्या प्रवेशासाठी असतो, व्यावसायिक करारासाठी क्वचितच. मोठे क्लबही आता जवळपास तसंच धरून चालतात. डांटे पोल्व्हारासारखा जॉर्जटाउनचा मुलगा २०२१ची हर्मन ट्रॉफी घेऊन ड्राफ्टकडे न वळता थेट स्कॉटलंडला अ‍ॅबर्डीनकडे जातो, तेव्हा उत्तम मुलांनाही ते पटलंय असं समजायला हरकत नाही.

तरी एमएलएसने डागडुजी सुरू केली आहे. २०२२पासून क्लबांच्या दुय्यम संघांची ‘एमएलएस नेक्स्ट प्रो’ ही लीग चालते. ड्राफ्टमधून आलेला मुलगा बाकावर न बसता तिथे सामने खेळतो. २०२४पासून दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाची मुलंही ड्राफ्टला पात्र ठरली. क्लबाने उचललं तरी मुलगा कॉलेजात परत जाऊ शकतो आणि त्याच्यावरचा हक्क क्लबाकडे राहतो. याने पारखीचा प्रश्नच बदलतो. आता विचारायचं ते बाविशीचा मुलगा आज किती चांगला आहे असं नव्हे, तर एकोणीस-वीस वर्षांचा हा मुलगा त्या विद्यापीठात, त्या प्रशिक्षकाच्या हाताखाली आणखी दोन वर्षांनी काय होईल. मुलाइतकाच प्रशिक्षक तपासावा लागेल: तो त्याला कुठल्या जागेवर खेळवतो, सलग नव्वद मिनिटं ठेवतो का, त्याच्या चुका चालवून घेतो का. त्यात २०२७पासून एमएलएस आपला हंगाम उन्हाळ्यात सुरू करून पुढच्या वसंतात संपवणार आहे. म्हणजे डिसेंबरात कॉलेजचा हंगाम संपेल तेव्हा व्यावसायिक हंगाम अर्ध्यावर असेल, आणि नव्या मुलाला सरावाच्या महिन्याऐवजी थेट चालू लढाईत उतरावं लागेल. कॉलेजचा हंगाम शरद आणि वसंत अशा दोन सत्रांत विभागावा ही मेरीलँडचा प्रशिक्षक साशो सिरोव्हस्की याची जुनी मागणी त्यामुळे पुन्हा टेबलावर येणार. ती मान्य झाली तर स्काऊटला एका मुलाचे सामने साडेतीन महिन्यांच्या घाईत न पाहता वर्षभर पाहता येतील, दमलेल्या पायांनी, थंडीत, परीक्षेच्या आठवड्यातही.